एम ४२ परसातून : एका हिवाळ्याच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

शेवटी वही घेतली. मागच्या वर्षी पण एम ४२ चा, म्हणजे मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा (वायू आणि धुळीच्या मोठ्या ढगाचा) फोटो काढायचा म्हणून सुरू केलं होतं पण लिहून काहीच ठेवलं नाही, आणि आज तेच नट उलटे फिरवताना आठवलं की अरे हे आपण गेल्या डिसेंबरात पण केलेलं की.

सामान असं आहे. १३० मिलिमीटर आरशाची न्यूटोनियन दुर्बीण, फोकल लेंथ ६५०. खाली इक्वेटोरियल माउंट, म्हणजे दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारी बैठक, त्याला एकाच अक्षाची मोटर. कॅमेरा सेकंडहँड कॅनन १३००डी, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून घेतलेला, बॅटरीच्या झाकणात अजून हळद आहे, खोटं सांगत नाही. जागा म्हणजे जुळे सोलापुरातलं आमचं घर, मागचा परस, एका अंगाला लिंब, दुसऱ्या अंगाला धुणं वाळत घालायच्या दोऱ्या, आणि भिंतीपलीकडे रस्त्यावरचा पांढरा एलईडी, जो बरोबर आमच्याच परसात बघत उभा असतो.

आजचं काम फोकसचं. डोळ्याने बघायला आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावलं की झकास दिसतं, कॅमेरा लावला की फोकसर पार आत ढकलला तरी तारा बटाट्याएवढाच राहतो. कारण साधं आहे, कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या तोंडापासून ४४ मिलिमीटर आत बसलेला असतो, त्यात मधली रिंग, म्हणजे प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंत सेन्सर पोचतच नाही. यावर गरिबाचा उपाय एकच, मागचा मोठा आरसाच पुढे सरकवायचा. पेठेतून लांब बोल्ट आणि स्प्रिंगा आणल्या, दुकानदार म्हणाला कशाला पायजे, म्हटलं दुर्बिणीला, तो म्हणाला "हां हां, ग्रिलला" आणि बरोबर मापाचे दिले. आरसा साधारण २५ मिलिमीटर पुढे आला. संध्याकाळी दूरच्या मोबाईल टॉवरवर धरून बघितलं, नटबोल्ट मोजता येतायत. झालं.

अण्णा ओसरीवर बसून बघत होते. एवढंच म्हणाले, "आरशाला बोट लावू नको."

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज विधानसभेचा निकाल. दिवसभर गुलाल आणि रात्री फटाके, आठ वाजता मृग पूर्वेला उगवला तेव्हा त्याच्या खाली धुराचा थर दिसत होता, अगदी तव्यावरचा धूर कसा राहतो तसा. म्हणून शूटिंग नाही, नुसता मास्क बनवला.

मास्क म्हणजे बाख्तिनोव्ह मास्क, पुठ्ठ्यात तीन दिशांना पट्ट्या कापायच्या आणि दुर्बिणीच्या तोंडाला लावायचा, मग ताऱ्याभोवती तीन रेघा येतात आणि मधली रेघ बरोबर मध्ये आली की फोकस पक्का. पावेल बाख्तिनोव्ह म्हणून रशियातला एक हौशी माणूस, त्याने २००५ मध्ये हे काढलं, आणि माझ्या मते दुर्बिणीच्या जगातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. मी कापला तो चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून. एका पट्टीवर "१००% कॉटन" अर्धं वाचता येतं.

१ डिसेंबर, रविवार

अमावस्या. बॅटरी चार्ज, कार्ड रिकामं, सगळं तयार, आणि आभाळ गच्च. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फेंगल वादळ आलंय आणि ढग आमच्या डोक्यावर. सोलापुरात पावसाळ्यात पावसाला नवस बोलावा लागतो आणि डिसेंबरात अमावस्येला ढग फुकट.

२१ डिसेंबर, शनिवार

आजची सगळी रात्र ध्रुवताऱ्यामागे गेली, जो मला दिसतच नाही.

इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे तोंड करून लागतो, मग एका मोटरवर दुर्बीण आकाशाबरोबर फिरते. सोलापूर साधारण १७.७ अंशावर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. युरोपातल्या लोकांना तो निम्म्या आभाळात दिसतो, आम्हाला शेजारच्यांच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीमागे. वर माउंट इतका खाली वाकवावा लागतो की वजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायाला घासतो, उत्तरेकडचा पाय फिरवून दोन पायांच्या मधली फट उत्तरेला घेतली तेव्हा सुटला. हे कुठल्या पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

टाकी काही हलणार नाही म्हणून ड्रिफ्टने, म्हणजे तारा कुठे घसरतो ते बघून, केलं. त्रिकांडातला, म्हणजे मृगातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांतला, सगळ्यात वरचा, म्हणजे पश्चिमेकडचा तारा मिंटाका, तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या रेघेवर) बसलाय, यासाठी देवानेच ठेवल्यासारखा. पण आज तो मध्यावर यायला बारा वाजणार आणि साडेअकराला चंद्र उगवणार, तरी चालतं, तारा एकच बघायचाय. रेघांचा आयपीस लावायचा, तारा रेघेवर ठेवायचा आणि हात मांडीखाली घालून बसायचं. तारा दक्षिणेला घसरला तर अक्ष जास्त पूर्वेला गेलाय, उत्तरेला गेला तर पश्चिमेला. थोडं फिरव, पाच मिनिटं बघ, थोडं फिरव. दीड वाजता पाच मिनिटं तारा रेघ सोडेना. मग परसातल्या फरशीवर तिन्ही पायांच्या जागी ऑइलपेंटने गोल मारून ठेवले. सकाळी आई म्हणाली, ही कसली रांगोळी.

२८ डिसेंबर, शनिवार

पहिला खरा दिवस, म्हणजे रात्र.

एलईडीचं काय करावं हा प्रश्न होताच, तक्रार करून झाली होती, "बघतो" मिळालं होतं. शेवटी आईच्या दोन जाड चादरी, मोराच्या डिझाइनच्या, धुण्याच्या दोरीवर टाकल्या आणि चिमटे लावले. सावली बरोबर दुर्बिणीवर पडली. सोलापुरी चादरीचा हा उपयोग कुठल्या जाहिरातीत नाही.

मोटर चालू असली तरी माझ्या माउंटचे दाते काही घड्याळाचे नाहीत, दर दहाअकरा मिनिटांच्या चक्रात दुर्बीण थोडी पुढे पळते, थोडी मागे राहते. ३० सेकंदाचे दहा फोटो काढले तर सहात तारे भाताच्या शितासारखे लांब. १५ सेकंदाला बहुतेक गोल. मोटर बंद ठेवली असती तर माझ्या हिशोबाने एका सेकंदात तारा अकरा पिक्सेल सरकला असता, म्हणून मोटरला नावं ठेवत नाही. आयएसओ ८००, १५ सेकंद, ६० फोटो. म्हणजे पंधरा मिनिटांचा उजेड.

पहिला फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर आला तेव्हा मी खरंच मोठ्याने "अय्यो" म्हणालो. शेजारच्या काकू तेलुगू बोलणाऱ्या, त्यांचं अय्यो आमच्या घरात पण रुळलंय. पंधरा सेकंदात गुलाबी पंख दिसतात. आयपीसमधून हाच तेजोमेघ राखाडी धुरासारखा दिसतो आणि इथे गुलाबी. रात्री दोन वाजता बसून फोटो एकावर एक रचले, आभाळाचा तपकिरी पडदा काढला, रंग लावले, पाचला झोपलो.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी नऊला लॅपटॉप ओसरीवर नेला. अण्णांना दाखवला.

आमचे अण्णा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मास्तर होते, तीस वर्षं सूत रंगवलं, हात रिटायर झाले पण डोळे अजून ड्युटीवर आहेत. त्यांनी चष्मा लावला, लॅपटॉप उत्तरेकडे तोंड करून धरला, बघितलं आणि विचारलं, "निळा का एवढा मारलाय?"

म्हटलं नाही हो अण्णा, असाच आहे. मग मी बघितलं. निळाच होता. तारे पण निळे, आभाळ पण निळं, गुलाबी पंखाला सर्दी झाल्यासारखी जांभळट झाक. रात्री तर व्यवस्थित दिसत होतं. दहा मिनिटांनी ट्यूब पेटली, लॅपटॉपचा नाइट मोड. रात्री दहानंतर स्क्रीन आपोआप पिवळी होते, डोळ्यांना त्रास नको म्हणून, आणि मी त्या पिवळ्या स्क्रीनवर बघून पिवळा काढत बसलो आणि निळा ओतत बसलो.

अण्णा हसले नाहीत, मास्तरासारखे बोलले. "शेड ट्यूबलाइटखाली कधी बघू नये. उत्तरेच्या उजेडात बघायची, सकाळी. आणि शेजारी कोरी लडी ठेवायची, नाहीतर डोळा फसतो." कोरी लडी म्हणजे न रंगवलेलं सूत. ती शेजारी असली की डोळ्याला पांढरं म्हणजे काय ते कळत राहतं. आणि मग एक प्रश्न टाकून चहा प्यायला गेले, "हा रंग त्याचा किती आणि तुझा किती?"

दिवसभर तेच डोक्यात. सगळे विचारतात "फोटोशॉप केलंय का" आणि मी चिडतो, पण आज पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. सिद्धेश्वर यात्रा, काल पौर्णिमा होऊन गेलेली, आभाळात दिव्यासारखा चंद्र, होम मैदानावर गड्ड्याची, म्हणजे जत्रेची, रोषणाई, पाळणे, धूळ. दुर्बीण घरात. नंदीध्वज बघून आलो, भाच्याला पाळण्यात बसवलं, बाजरीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन बसलोय, म्हणून थोडं वाचलेलं लिहितो.

अण्णांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं. तेजोमेघाचा लाल हा हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटर, ठरलेली जागा, त्यात माझा काही हात नाही. मधला हिरवट निळा हा ऑक्सिजनचा, ५०० च्या आसपास दोन रेघा. विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये दुसऱ्या एका तेजोमेघाचा उजेड लोलकातून बघितला तेव्हा त्याला या हिरव्या रेघा दिसल्या, पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून लोकांनी नवीनच मूलद्रव्य मानलं, नेब्युलियम. त्यानंतर साठ वर्षांवर गेली, १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतक्या विरळ जागी की पृथ्वीवर तसं पोकळपण सहज करताच येत नाही. म्हणजे शेड जुळत नव्हती कारण कापड वेगळं होतं, रंग तोच. हे अण्णांना सांगितल्यावर ते म्हणाले, होतं असं.

आणि फोटोत वरच्या बाजूला जो निळा ठिपका आहे, एनजीसी १९७७, तो वेगळ्याच जातीचा. तिथे वायू फारसा पेटलेला नाही, मुख्यतः धुळीवर ताऱ्यांचा उजेड पडून परत येतो, म्हणून निळा.

अंतर साधारण १३४४ प्रकाशवर्षं. म्हणजे मी जो उजेड पकडतोय तो निघाला तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य, ज्यांची ही यात्रा ते सिद्धरामेश्वर जन्मायला अजून पाचशे वर्षांच्या आसपास बाकी.

२५ जानेवारी, शनिवार

व्हॉट्सअॅपवर चार दिवस तेच फिरतंय, सगळे ग्रह एका लायनीत. संध्याकाळी सातला परसात अकरा माणसं, त्यात काकू आणि त्यांच्या दोन सुना, भाचा, त्याचे मित्र. लायन बियन काही नाही, ग्रह नेहमी त्याच पट्ट्यात असतात, पण पश्चिमेला शुक्र आणि खाली शनी, डोक्यावर गुरू, पूर्वेला लालबुंद मंगळ, हे एका वेळी दिसतंय हे खरं, म्हणून मी वाद घातला नाही. गुरूचे चंद्र बघून काकू "बाप रे" म्हणाल्या आणि परत रांगेत मागे उभ्या राहिल्या.

मग एम ४२ लावला. भाचा डोळा लावून म्हणाला, "मामा, धूर दिसतोय. रंग कुठंय?" त्याला सांगितलं की अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी झोपतात आणि ज्या जाग्या असतात त्यांना फक्त उजेड कळतो, रंग नाही. म्हणाला, "मग कॅमेरा झोपत नाही?" नाही झोपत, तो पंधरा सेकंद साठवत बसतो.

शेवटी अण्णा आले. वाकून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "कोऱ्या सुतासारखं आहे. रंग चढायचाय."

साडेनऊला सगळे गेले, मृग बरोबर मध्यावर, ६७ अंश उंच, लिंबाच्या शेंड्यापासून सुटलेला. २० सेकंदाचे फोटो लावले. आज आकडा ठरवलेला होता. हेन्री ड्रेपर म्हणून न्यूयॉर्कचा एक डॉक्टर, त्याने ३० सप्टेंबर १८८० ला याच तेजोमेघाचा फोटो काढला, जगातला कुठल्याही तेजोमेघाचा पहिला फोटो. ११ इंची दुर्बीण, एकच एक्स्पोजर, ५१ मिनिटं. काळापांढरा, आणि तारे थोडे पसरलेले, म्हणजे त्याला पण माउंटने छळलंच असणार. मला एकदम ५१ मिनिटं जमणार नाहीत, पण २० सेकंदाचे १५३ फोटो म्हणजे बरोबर ५१ मिनिटं. चांगले १५३ मिळेपर्यंत थांबायचं नाही.

२१४ काढले. साडेबारापर्यंत १३१ चांगले निघाले. मग कोणाचं तरी लग्न, लेझर लाइट आभाळात गोल गोल. बंद केलं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन करून आल्यावर फ्लॅट फोटो काढले, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाला पांढरं कापड ताणून आभाळाकडे धरायची, त्यात सेन्सरवरची, आरशावरची धूळ आणि कडेचा अंधार नोंदला जातो आणि नंतर फोटोला त्याने भागून तो घालवता येतो. अण्णांचं धुतलेलं धोतर घेतलं. सोलापूरची धूळ काय असते ते त्या फ्लॅटमध्ये बघावं, वडे तळल्यासारखे गोल गोल डाग.

३० जानेवारी, गुरुवार

लाइट गेली!! आठ पस्तीसला सगळी कॉलनी अंधारात, तो एलईडी पण. मी आधीच बाहेर होतो, मोटर आणि कॅमेरा बॅटरीवर. बाकी सगळ्या घरातून "अरे" असा आवाज आला आणि माझ्या तोंडून "चला". चाळीस मिनिटं. बागेत बसलो तर हाताची बोटं दिसेनात. या चाळीस मिनिटांत ९० फोटो काढले, ६८ ठेवले, आणि त्यांच्यात आभाळ इतकं काळं की शनिवारचे फोटो शेजारी ठेवले तर मळके वाटतात. एकूण १९९, ड्रेपर ओलांडला, सहासष्ट मिनिटांच्या वर.

मध्येच पाच पाच सेकंदाचे तीस फोटो पण काढून घेतले. कारण मध्यभागी चार ताऱ्यांचा जो चौकोन आहे, ट्रॅपेझियम, त्यातला एक तारा एवढा तापलेला की सगळा तेजोमेघ मुख्यतः त्याच्याच जोरावर पेटलाय, आणि २० सेकंदात तो भाग पांढरा फटक जळून जातो. पाच सेकंदात चारही तारे सुटे दिसतात. नंतर मधला भाग यातून घ्यायचा. लाइट आली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, घरात आईने टाळ्या वाजवल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रोसेसिंग दिवसा. नाइट मोड बंद, खुर्ची उत्तरेच्या खिडकीत.

रंगासाठी यावेळी हाताने काहीच लावलं नाही. सिरिल म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एक सोय आहे, फोटोतले तारे ओळखायचे, त्या प्रत्येक ताऱ्याचा मोजलेला रंग यादीत असतो, त्याच्याशी आपल्या फोटोतला रंग ताडून बघायचा आणि सगळ्या चित्राचा तोल त्यावरून लावायचा. हे वाचताना मला हसू आलं, कारण ही कोरी लडीच झाली. शेजारी एक ठेवायची ज्याचा रंग आधीच माहीत आहे, मग डोळा फसत नाही.

बटण दाबलं. हिरवट आभाळ काळं झालं, कडेचे पंख गुलाबी, मध्ये हिरवट निळा, वर एनजीसी १९७७ फिक्कट निळा. गुलाबी का, लाल का नाही? कारण हायड्रोजन नुसता लाल देत नाही, थोडा निळा पण देतो, दोन्ही मिळून गुलाबी. चित्र ओढून उजळ किती करायचं ते मात्र मीच ठरवलं, तिथे माझा हात आहे, ते कबूल. त्याच्या रंगाला मी आवाज वाढवून दिला, सूर बदलला नाही, असं सध्या तरी माझं म्हणणं.

मधला भाग जोडताना तीन वेळा कडा दिसली, चौथ्यांदा जमलं. जेवण थंड.

२३ फेब्रुवारी, रविवार

मृग आता संध्याकाळीच मध्यावर येतो, अंधार पडेपर्यंत पश्चिमेला कलायला लागतो, हंगाम संपत आला. फोटोची प्रिंट काढून आणली, बारा बाय अठरा. दुकानात पहिली प्रिंट फारच काळी आली, स्क्रीनवर जे उजळ दिसतं ते कागदावर बुडतं, दुसरी थोडी उजळून घेतली. पोरगा म्हणाला, "सर हा वॉलपेपर कुठून डाउनलोड केला?" मी काही बोललो नाही, पैसे दिले.

घरी अण्णांनी प्रिंट घेतली आणि ओसरीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात गेले. आईच्या शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या सुताची रीळ मागवली, दोन हात धागा सोडवून प्रिंटवर आडवा धरला. बघत राहिले. प्रिंट तिरकी केली, परत सरळ.

"निळा बरोबर. मधला हिरवा पण बरोबर. लाल एक बुडी कमी पडलाय."

मी थक्क झालो, कारण ते खरंच आहे. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एक काच असते, ती माणसांचे चेहरे नीट यावेत म्हणून लाल कापते, आणि हायड्रोजनचा तो ६५६ चा लाल जेमतेम पाव हिस्सा आत येतो. ताऱ्यांवरून तोल लावला तरी जे आलंच नाही ते कुठून येणार. हे सगळं त्यांना सांगितलं.

"मग काढ ती काच."

म्हटलं अण्णा, कॅमेरा सगळा खोलावा लागतो, सेन्सरपर्यंत.

"आरशाला बोल्ट लावलेस की."

कॅमेरा आता टेबलावर आहे. बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणला. पहिले पाच स्क्रू खालच्या बाजूला, त्यांची लांबी वेगवेगळी आहे, म्हणून पुठ्ठ्यावर कॅमेऱ्याची आकृती काढून जिथला स्क्रू तिथेच खोचून ठेवतोय.